धोंडू कांदळगावकर खरंच गेला होता

अंधेरीच्या एका महामंडळाच्या ऑफिसात चौतीस माणसं कामाला होती, आणि १९८६ सालापर्यंत त्यांतली तेहतीस कन्याकुमारीला जाऊन आली होती. कागदोपत्री. प्रत्यक्षात त्या दिवसांत कोणी देवगडला घर शाकारून घेत होतं, कोणी साताऱ्याला बहिणीचं लग्न उरकत होतं, आणि आस्थापनेतले एक गृहस्थ मुलुंडला सासुरवाडीत पंधरा दिवस झोपा काढत होते. दर चार वर्षांनी नोकरमाणसाने भारत बघून यावा, जायचं-यायचं भाडं आम्ही देतो, अशी सरकारची प्रेमळ इच्छा. तिला एलटीसी म्हणतात. आता एवढ्या मोठ्या सरकारचं मन कशाला मोडा? म्हणून माणसं रजा टाकत, घाटकोपरच्या दादू एजंटकडून तिकिटांची आणि लॉजच्या पावत्यांची चळत आणत आणि भारत बघून मोकळी होत. कन्याकुमारीच का, तर ती सगळ्यात लांब. तिथे सूर्य उगवतो की मावळतो, यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत वाद झाला, तेव्हा जाऊन आलेल्या तेहतिसांपैकी एकालाही खात्रीने सांगता येईना.

चौतिसावा म्हणजे धोंडू सीताराम कांदळगावकर, आवक-जावक विभाग. देवाने पाय सगळ्यांनाच दिले आहेत, पण धोंडू ते वापरत असे. बाप लोअर परळच्या गिरणीत जन्मभर एका जागी उभा राहिला. पोराला चालायचं वेड लागलं. राहायला बोरिवलीला, पूर्वेला, जंगलाला टेकलेल्या एका चाळीत. रविवारी शेजारपाजार बारापर्यंत लोळत असताना धोंडू बायकोला, वनमालाला घेऊन कान्हेरीमागच्या एखाद्या ओढ्यात शिरे आणि ओढा येतो कुठून ते बघायला दिवसभर वर चढत राही. ओढा येतो वरून, हे शाळेत शिकवतात. पण धोंडूचं तेवढ्यावर भागत नसे. हे नवरा-बायको जंगलात जाऊन करतात तरी काय, याची चाळीतल्या बायकांना भारी काळजी. ती काळजी त्या नळावर मोठ्याने करत.

एकदा रद्दीच्या दुकानात धोंडूला एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात आल्प्समधल्या एका घळीचं चित्र होतं. दोन्हीकडे उभे कडे, मधून फेसाळतं पाणी, कड्याला लागून जेमतेम पाऊल मावेल अशी वाट, आणि टोकाला धबधबा. धोंडूने ते चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज सकाळी शर्ट काढताना तो ते बघे आणि मग आवक-जावक करायला जाई.

"ह्यां खंय आसा?" वनमालाने विचारलं.

"स्वित्झर्लंड."

"मगे ऱ्हवांदे," ती म्हणाली आणि कपाट लावून टाकलं.

पुढे जंगलात भेटणाऱ्या एका गिर्यारोहक मास्तरांनी सांगितलं, की अशा घळी हिमाचलातही आहेत, आणि हिमाचल भारतात आहे. झालं. धोंडूने एलटीसीचा अर्ज मागितला.

अर्ज भरायला ऑफिसात अंबादास ढवळे बसे. मनाचा दिलदार माणूस. सगळ्यांच्या कन्याकुमाऱ्या त्यानेच पार पाडल्या होत्या.

"काय मग धोंड्या, कन्याकुमारी टाकू ना?"

"नको. हिमाचल. मी जाणार आहे."

"सगळेच जातात रे."

"तसं नाही. म्हणजे खरंच जाणार आहे."

अंबादासने पेन खाली ठेवलं. "बरा आहेस ना यार? घरी काही भानगड?"

मे महिन्यात दोघं निघाली. सोबत चिवडा, मेतकूट आणि तीन कागदांत गुंडाळलेले सुके बोंबील. कुलूच्या पुढे एका गावात रस्ता संपला, आणि कोणत्याही शहाण्या माणसाने परत फिरावं त्या जागेवरून ही दोघं चालायला लागली. पहिल्या दिवशी एक मेंढपाळ भेटला. त्याने यांना चहा दिला. यांनी त्याला बोंबील देऊ केले. त्याने वास घेतला आणि हात जोडून परत केले. तरीही रात्री त्याने आपल्या दगडी खोपीत यांना जागा दिली, पैसे घेतले नाहीत आणि अर्थातच पावतीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी घळ लागली. कडे जवळ येत गेले, इतके की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा ओला खडक बोटांना लागावा. ऊन वरच राहिलं. खाली पाण्याचा असा आवाज, की धोंडू पुढून काहीतरी ओरडे आणि वनमाला मागून नुसती मान हलवी. साडीचा काच्या मारलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पाण्याच्या थंडीने दोघांची पावलं जांभळी पडलेली. एका ठिकाणी वाटच नव्हती. या दगडावरून त्या दगडावर देवदाराचा एक ओंडका टाकलेला, वर शेवाळ. धोंडू पलीकडे पोचला. वनमाला मधोमध आली आणि तिचा बूट सटकला. धोंडूने वाकून दोन्ही हातांनी तिचा दंड पकडला, आणि खांद्यावरची शबनम घसरून पाण्यात गेली. त्या शबनममध्ये जातानाच्या तिकिटांचे नंबर लिहिलेली डायरी, बसची तिकिटं आणि एका लॉजची पावती होती. बायको किंवा कागद, यातलं एकच धरता येणार होतं. धोंडूने बायको धरली. सरकारी नोकराने असा उतावळेपणा करायचा नसतो.

तासाभराने घळ संपली आणि समोर धबधबा उभा राहिला. वरच्या बर्फातून सुटलेला, मध्ये कुठेही न टेकता सरळ खाली. तुषारांनी दोघं चिंब झाली. धोंडूला रडू आलं, आणि पाण्यात ते कोणाला कळणार नाही म्हणून तो मनसोक्त रडला.

"आता मी मेलंय तरी चालात," वनमाला त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली.

परतल्यावर बॉम्बे सेंट्रलला तिकीट कलेक्टरने हात पुढे केला, तशी धोंडूने परतीचीही तिकिटं देऊन टाकली. नाकासमोर चालणारा माणूस. ऑफिसात त्याने एलटीसीच्या बिलासोबत पावत्यांऐवजी घळीचं चार पानी वर्णन जोडलं, खाली सही, तारीख.

सप्टेंबरात कोणीतरी वर निनावी पत्र टाकलं, की या ऑफिसात खोटे एलटीसी चालतात. दक्षता विभागाचे साहेब चौकशीला आले. तेहतीस माणसांना जुलाब लागले. धोंडू तेवढा आरामात डबा खात होता. माझं काय, मी तर गेलो होतो, असं त्याने दोघातिघांना सांगितलंही. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

साहेबांनी तेहतीस फायली तपासल्या. सगळ्या चोख. तिकिटांचे नंबर, लॉजचे शिक्के, मॅनेजरच्या सह्या. एका पावतीवर तर इडलीच्या चटणीचा डागसुद्धा होता. दादू कामात हयगय करत नसे. चौतिसाव्या फायलीत एक निबंध निघाला.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"कागद पाण्यात गेले, साहेब."

"सगळ्यांचेच जातात. दुसरं काही?"

धोंडूने चप्पल काढून काळं पडलेलं अंगठ्याचं नख दाखवलं. साहेब म्हणाले, नख कुठेही काळं पडतं. पत्नी सोबत होती, असं धोंडूने सांगितलं. साहेब म्हणाले, पत्नी सगळ्यांनाच असते. बारा दिवसांत पुरावा द्या, नाहीतर खोटा दावा केला म्हणून निलंबन, आणि पुढे नोकरीही राहायची नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" वनमाला घरी कडाडली. दोन दिवस तिचा पट्टा चालू होता. धोंडू एकच वाक्य बोलत होता: मी गेलो होतो. अकराव्या दिवशी अंबादास बोरिवलीला त्यांच्या खोलीवर आला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. आमच्या पापाचं तुझ्यावर शेकलं रे, असं तो दोनदा म्हणाला.

"दादूशी बोललोय मी. मागच्या तारखेचा पूर्ण सेट दिलाय त्याने, हा बघ. सगळं झकास. एकच लफडं आहे." अंबादास घुटमळला. "हिमाचलचा शिक्का त्याच्याकडे नाही. तिकडे कोणी जातच नाही ना. कन्याकुमारीचा आहे."

"म्हणजे मी कन्याकुमारीला गेलो होतो?"

"लिहून द्यायचं, की आधीच्या अर्जात मानसिक थकव्यामुळे ठिकाणाचं नाव चुकलं."

"आणि घळ?"

"घळ नाही," अंबादास म्हणाला. "मे महिन्यात तू हिमाचलात पाऊल ठेवलेलं नाहीस."

धोंडू उठून खिडकीपाशी गेला. आयुष्यात एकच गोष्ट त्याने अशी केली होती, की जी ऑफिसातल्या कोणाला जमली नव्हती, आणि तीच केली नाही असं त्याला सही करून द्यायचं होतं. त्याला अंबादासचा राग येईना, हे आणखी वाईट. शेवटी वनमालाच बोलली. नोकरी गेली तर खायचं काय, घळ? तिने दादूचे कागद धोंडूच्या बॅगेत ठेवले आणि बॅगेची चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी नवा नियम निघाला. ठिकाण बदललं असल्याने सोबत प्रवास केलेल्या पत्नीनेही साहेबांसमोर येऊन सही करावी. अंबादासने अर्ध्या तासात वनमालाची तयारी करून घेतली. तीन समुद्र, देवीचं देऊळ, रंगीत वाळू. तिने ते दोनदा म्हणून दाखवलं.

साहेबांनी दादूचे कागद उलटसुलट बघितले. समाधानाने मान डोलावली. आता कसं व्यवस्थित, असं म्हणून त्यांनी चष्मा वर केला.

"काय बाई, आवडली का कन्याकुमारी?"

वनमालाने पदर सारखा केला. समोरच्या अर्जावर "मानसिक थकवा" हे शब्द अंबादासच्या सुबक अक्षरात होते. ती ते वाचत राहिली, आणि तिच्या कानशिलावरची शीर धोंडूला दिसायला लागली. ती शीर दिसली की काय होतं, ते धोंडूला ठाऊक होतं.

"आवडली, साहेब. थंडी खूप. पाय जांभळे पडतात."

अंबादासने दारातच डोळे मिटले.

"दोन्ही बाजूंना मोठाले कडे," वनमाला सांगत होती. "हात पसरला की खडक लागतो. मधून पाणी. आवाज इतका, की माणूस बोललेलं ऐकायला येत नाही. तिथून वर चढून जायचं. मग धबधबा. तो बघितला साहेब, आणि मला वाटलं, आता आणखी काही नाही मिळालं तरी चालेल."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. गेली नोकरी, धोंडूच्या मनात आलं. आणि गंमत म्हणजे त्याला बरंही वाटलं. कोणीतरी एकदाचं सांगून टाकलं होतं.

साहेब घसा खाकरले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांनी उगाच बघितलं.

"हो, हो. थंडी असतेच तिथे," ते म्हणाले. "आम्हीसुद्धा ब्याऐंशीला गेलो होतो ना. मिसेसना स्वेटर लागला."

वनमाला त्यांच्याकडे बघत होती.

"तो ओंडका ओलांडलात, साहेब?"

"म्हणजे काय! ओलांडल्याशिवाय पुढे कसं जाणार?"

"शेवाळ असतं त्याच्यावर."

"भयंकर शेवाळ," साहेब म्हणाले आणि घाईघाईने फायलीवर शेरा मारला: पत्नीच्या कथनावरून प्रवास प्रत्यक्ष केल्याची खात्री पटली. दावा मंजूर.

वनमालाने खाली सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि उठताना म्हणाली, "परत गेलात, तर त्या धबधब्यापर्यंत जावा हां, साहेब."