मुलीचं आगर, बाबांचं आगर

मंडळी, सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

माझी मुलगी ऐरोलीला एका लॅबमध्ये कामाला आहे. आज निघताना म्हणाली, "आई, डबा लवकर दे, आज आगर ओतायचंय." मी चमकलेच. मग तिने सांगितलं, समुद्री शेवाळापासून बनतं, जेलीसारखं असतं, त्यावर जंतू वाढवतात. शब्द म्हणे मलाय भाषेतला. आमच्या शब्दाशी काडीचं नातं नाही.

आमच्या घरी आगर म्हणजे बाबांचं मिठागर, सारसोळ्याच्या खाडीकाठी. ऐंशीच्या आसपास नव्या शहरासाठी ते गेलं, तेव्हा मी सातवीत होते. कागदावर अंगठा उठला, तरी बाबा रोज सकाळी जाऊन बांधाला चिखल लावत राहिले.

आई चिडायची. "आता कोनाचं हाय ते?"

"बांध फुटला तं मीठ जाईल," एवढंच बाबा म्हणायचे. एक दिवस भरावाच्या मातीचे ट्रक आले. बाबा फावडं घेऊन घरी आले, ते पुन्हा गेले नाहीत.

आज मुलगी गेल्यावर राहवेना. तशीच उठून बाबांच्या आगराच्या जागी गेले. तिथे आता मोठी सोसायटी आहे. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "किसके यहाँ जाना है, मॅडम?"

नाव लिहिलं. वेळ लिहिली. पुढच्या रकान्यावर पेन अडलं, ते अडलंच. वही परत दिली आणि मागे फिरले.

'विकास होतोच की' असं कोणी लिहू नका, आज ऐकून घेणार नाही. एवढंच सांगा, 'कोणाकडे' या रकान्यात तुम्ही काय लिहिलं असतं?