खाडीतली डांगरवाडी

दादा गेल्याचं पुतण्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या करत होते. उरलेल्या पोळ्या केल्या आणि मगच गॅस बंद केला. गेलेल्या माणसाविषयी गोडच बोलायचा रिवाज आहे. आमच्या गावी, इंझोरीला, भेटायला आलेल्या सगळ्यांनी तो पाळला, मला ते जमणार नाही. माझा सख्खा थोरला भाऊ होता तो. पण त्याच्यावरचा माझा राग त्याच्याबरोबर जळला नाही.

बागाईत मात्र त्याच्यासारखी कुणाला साधली नाही, हे कबूल. अडाण नदी आटली की तो तिच्या रेतीत चर खोदायचा, शेणखत भरायचा आणि टरबुजं लावायचा. आमच्याकडे याला डांगरवाडी म्हणतात. रिकामी रेती दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. बियांची पिशवी कायम कमरेला.

छप्पन्न साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या, वेणूताईच्या नवऱ्याची, सरकारी कारकुनाची, बदली थेट कोकणात झाली. नदी समुद्राला मिळते तिथलं गाव... माड, कौलं, आणि दुपारी कुत्रंसुद्धा भुंकणार नाही अशी शांतता. तिथं तिचं पहिलं बाळ बाळंतिणीच्या खोलीतच गेलं. आई म्हणाली, "पोरीले घेऊन या." वडील नव्हते, म्हणून दादा निघाला. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी. आमच्यात माहेरचा माणूस घ्यायला आल्याशिवाय लेक माहेरी येत नाही. आम्ही पोचलो तर वेणूताईची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. ती ट्रंकेवरच बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. नदीचं पात्र उघडं पडलेलं, मैलभर रेती. दादा हरखलाच. "एवढी रेती रिकामी, अन् हे लोकं जाळे विनत बसले!" शेजारच्या म्हातारीनं दोनदा बजावलं, दुपारी तिथं पाणी चढतं. "आभाळात ढग नाही, मंग पानी कुठून येईन?" म्हणत दादानं तिचंच फावडं मागून नेलं. रोपं वर आली की वेणूला न्यायचं, तोवर थांबायचं, हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं. ट्रंक पुन्हा आत गेली.

दुपारी समुद्राकडून पाणी आलं. नदी उलटी वाहते हे आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. दादा बांध घालत होता, पाण्याला शिव्या देत होता. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, आणि त्याचे चर कुठं होते तेही कळेना. काठावरच्या कोळिणी हसल्या. आणि वेणूताईही हसली... बाळ गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला हसताना पाहून मला केवढं बरं वाटलं होतं!

दादा ओल्या धोतरानं वर आला. "लय मजा वाटून राह्यली ना तुले? मंग राह्य इथंच." वेणूताईनं त्याचे पाय धरले. "दादा, तुले नाई रे हासली म्या. कायले आलं हसू, मलेच नाई समजलं." त्यानं पाय सोडवून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं तो मला घेऊन निघाला. घरी आईला सांगितलं, "तिले तिथंच करमते. येत नाही म्हने." खरं काय ते मी आईला सांगितलं. आईनं विनवण्या केल्या, पण हा पुन्हा गेला नाही, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. वाट पाहत पाहतच आई गेली. एवढ्याशा हसण्यापायी एका बाईचं माहेर तोडणारा माणूस कर्तबगार असेल, चांगला नव्हता.

तेरवीला वेणूताई आली. आणायला कुणी गेलं नव्हतं. नातवाला घेऊन ती आपणहून आली. रडली नाही. ओसरीत दादाची बाज आहे, त्याच्या अंगानं मधोमध खोल गेलेली. पुतण्या ती दान देणार होता. वेणूताई त्या खोलगटात जाऊन आडवी झाली, ती अजून तिथंच झोपते. नातू परत गेला. परवा पुतण्याच्या बायकोनं जरा आडून विचारलं, "आत्याबाई, किती दिवस राहान?"

"मले मायनं बोलावलं होतं," वेणूताई म्हणाली. "तिनं जा म्हनलं की जाईन."