पाणथरी उतरवणारे हात

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची जमनाबाई पोट चोळण्यात नावाजलेली. डाव्या बरगडीखाली पोट फुगलं की आमच्याकडे त्याला पाणथरी म्हणतात. ती उतरवून घ्यायला कनेरगाव नाक्याहूनही माणसं तिच्याकडे येत.

२००३च्या ऑगस्टमध्ये तिचीच नात, एकोणीस वर्षांची सुनिता, आजारी पडली. घशात पांढरा थर, मानेला दोन्हीकडे बोराएवढ्या गाठी, ताप हटेना. गावातल्या डॉक्टरने घशासाठी कॅप्सूल दिल्या, तर अंगभर लाल पुरळ उठलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गाठी आणि पुरळ पाहिलं, रक्त तपासलं आणि ग्रंथीज्वराचं निदान केलं. कॅप्सूल बंद. आराम, भरपूर पाणी, तापाची गोळी. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची पाणथरीच, सुजली आहे, महिनाभर पोट दाबू नये, ओझं उचलू नये.

मी तांड्यावरच्या शाळेत शिकवायचे; डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद जमनाबाईने माझ्याकडून वाचून घेतला.

"औषध न्हाईच म्हणतो. मंग डॉक्टर कशाचा?"

"आराम हेच औषध."

"दाबायचं न्हाई म्हंजे जोरानं न्हाई ना?"

"अजिबात नाही, जमनाबाई."

बारा दिवस तिने पाळलं. ताप गेला, पण सुनिताला उठून बसवत नव्हतं. शेजारची रूपाबाई पाण्याला जाताना रोज दारात थांबे.

"साऱ्या मुलखाची पाणथरी उतरवून राहिली, अन् घरचं लेकरू वाळून चाललं. हात गेले काय गं तुझे?"

सोमवारी सकाळी जमनाबाईने एरंडेल कोमट केलं. पुढचं मला सुनिताच्या आईने सांगितलं.

"आजी, नको. कागदात न्हाई म्हणलंय."

"कागदाला हात हायेत का?"

पोट चोळून झाल्यावर थोड्याच वेळात सुनिताचा डावा खांदा ठणकू लागला, ओठ पांढरे पडले. जीपवाला आणखी दोन प्रवाशांसाठी खोळंबून राहिला. हिंगोली यायच्या आत पोरीने आजीच्या मांडीवर जीव सोडला. प्लीहा फुटली होती.

डॉक्टरनं औषध दिलं न्हाई म्हणून गेली, असं तांडा म्हणाला. जमनाबाईने कोणाचंच बोलणं खोडलं नाही. तेरावा झाल्यावर ती माझ्याकडे आली. कागद पुन्हा वाचायला लावला, दोनदा ऐकला.

"मी जोरानं न्हाई दाबलं, बाई."

"अजिबात नाही, असं मी सांगितलं होतं."

"व्हय," म्हणाली, आणि कागदाची घडी घालून कनवटीला लावली.

त्याच आठवड्यात रूपाबाई फुगल्या पोटाचा नातू घेऊन तिच्या दारात बसली. जमनाबाईने चुलीवर तेल ठेवलं.