पहारेकऱ्यांचा कर्नल

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात उत्तर जर्मनीतल्या कुठल्या कैदी छावणीच्या तारेबाहेर ब्रिटिशांची कुठली पलटण पहाऱ्याला होती, हे कर्नल झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. पण शारजातल्या रोल्ला भागात ज्या इमारतीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली, तिच्या लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

ते कधी सैन्यात नव्हते. वसईचे ख्रिस्ती गृहस्थ, सडपातळ, खिशाला दोन पेनं. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमची पोलादी सांगाडे बनवणारी कंपनी आहे, तिथे ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे प्रत्येक ड्रॉइंगची नवी प्रत आली की नोंदवायची, जुनीवर लाल शिक्का मारायचा, आणि वर्कशॉपमध्ये चुकूनही जुनी प्रत राहू द्यायची नाही. मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले आणि त्याच कंपनीत परचेसला लागले, तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या स्क्रीनवर सैनिकांच्या याद्या पाहून एका मल्याळी इंजिनिअरनं ‘गुड मॉर्निंग, कर्नल’ म्हणून सलाम ठोकला. तेव्हापासून सगळी कंपनी त्यांना कर्नल म्हणू लागली. मी त्यांना अंकल म्हणायचे आणि ते मला बाय.

त्यांचा एक प्रश्न कंपनीत सगळ्यांच्या डोक्यात बसला होता: “कागद कुठाय?” साईटवरून कोणी धावत आलं, क्लायंटनं फोनवर मंजुरी दिलीय, हबीबी, यल्ला, काम सुरू करू या म्हणालं, की कर्नल शांतपणे चष्मा काढून हेच विचारत. एकदा माझी लेक इरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्याशी बोलत होती. युद्ध अमुक कारणामुळे झालं, असं तिनं ठासून सांगितलं. हे तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, “एव्हरीबडी नोज, अंकल.” त्यावर त्यांनी तिच्यासाठी तीन पानांची यादी करून पाठवली: कुठल्या वाक्याला कुठला पुरावा आहे आणि कुठल्याला नाही. इरानं ती वाचली नाही. मी मात्र जपून ठेवली आहे.

या नादाचं मूळ त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ते लहान असताना त्यांचे वडील मालवाहू जहाजावर कामाला गेले आणि परत आले नाहीत. कुठलं जहाज, कुठलं बंदर, काहीच कळलं नाही. आई मरेपर्यंत प्रत्येक गलबतवाल्याला, प्रत्येक पाद्रीबाबांना विचारत राहिली. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कर्नल जहाजांच्या याद्या धुंडाळू लागले. वडील सापडले नाहीत. पण शोधता शोधता ते एका अशा ठिकाणी पोचले, जिथे जगभरची माणसं जुन्या सैनिकांबद्दल प्रश्न विचारत. एकाला त्यांनी उत्तर शोधून दिलं. मग दुसऱ्याला. आपलं हरवलेलं मिळत नाही म्हटल्यावर ते दुसऱ्यांचं शोधायला बसले आणि तिथून उठलेच नाहीत.

त्यातही त्यांनी निवड केली ती पहारेकऱ्यांची. जर्मनी हरल्यावर ब्रिटिशांनी आपल्या ताब्यातल्या भागात हजारो माणसांना तारेआड ठेवलं होतं: नाझी पक्षाचे अधिकारी, पोलीस, सरकारी नोकर, आणि ज्यांचा नुसता संशय होता असे कितीतरी. त्यांच्यावर पहारा द्यायला ज्या पलटणी लावल्या, त्या घरी जायची वाट पाहत बसलेल्या. तोफा काढून घेतलेले तोफखान्याचे जवान, आज इथे, तर महिन्याभरात तिथे. त्यामुळे त्यांचा माग काढणं फार अवघड. “लढलेल्यांवर पुस्तकं आहेत, बाय,” ते म्हणाले होते. “लढाई संपल्यावर जे थंडीत नुसते उभे राहिले, त्यांना कोण विचारतो?”

त्यांची बायको वसईत असतानाच वारली. मुलगा कॅनडात, दर रविवारी पाच मिनिटं इंग्रजीत बोलणारा. वर्षातून एकदा कर्नल सुट्टीवर घरी जात आणि सुट्टी संपायच्या आधीच परत येत. घरी भावाचं कुटुंब सगळं प्रेमानं करतं, पण पाहुण्यासाठी करावं तसं करतं, असं ते म्हणत. शेवटच्या काही वर्षांत कंपनीनं जुने कागद उम्म अल कुवैन या लहानशा अमिरातीतल्या गोदामात हलवले आणि त्यांनाही तिकडे पाठवलं. एक पोर्टाकॅबिन, दहा कंटेनर, समोर खारट वारा. मी महिन्यातून एकदा कामासाठी जायचे, तेव्हा ते दोन कप काळा चहा करून ठेवत आणि मी बोलायला लागले की उत्तर देण्याआधी घसा खाकरत. दिवसदिवस त्यांचा कोणाशी शब्द होत नसे, हे मला त्या खाकरण्यावरून कळायचं.

तिथेच त्यांना टीचर भेटल्या. भेटल्या म्हणजे त्यांचं पत्र आलं. जर्मनीतल्या एका लहान गावातल्या, ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. युद्ध संपलं तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या. त्यांचे वडील गावचे पोस्टमास्तर होते. ब्रिटिशांनी त्यांना पकडून छावणीत ठेवलं आणि तिथेच ते न्यूमोनियानं गेले. जाण्याआधी एकदा आई या मुलीला घेऊन मैलोन्मैल चालत तारेपाशी गेली होती. कैद्यांशी बोलायला सक्त मनाई होती. पहाऱ्यावरच्या तरुण सैनिकानं त्यांना पाहिलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. आईवडिलांचं बोलणं संपेपर्यंत तो वळला नाही. तो कोण होता, एवढंच टीचरना मरण्याआधी हवं होतं.

कर्नलनी त्यावर दोन वर्षं घालवली. छावणीच्या नोंदी, पलटणींच्या तिमाही अहवालांच्या नकला, लंडनच्या दफ्तरखान्यात जाणाऱ्या अनोळखी माणसांना केलेल्या विनवण्या. शेवटी तोफखान्याची एक तुकडी नक्की झाली, आणि तिच्यातल्या एका सैनिकाची मुलगी इंग्लंडात सापडली. तिच्याकडे वडिलांनी त्या हिवाळ्यात घरी लिहिलेली पत्रं होती. एका पत्राच्या एका पानाचा फोटो तिनं पाठवला.

त्या आठवड्यात मी गोदामात गेले तर कर्नलनी चहा केला नव्हता. त्यांनी पान माझ्यासमोर ठेवलं. वरच्या अर्ध्यात सगळं होतं: आईचे मोठाले बूट घातलेली लहान मुलगी, तारेपाशी आलेली बाई, आपण तोंड फिरवलं ते, सार्जंटनं पाहिलं आणि सात दिवस बराकीबाहेर जायला बंदी केली ते. खालच्या अर्ध्यात पुढची हकिकत होती. दुभाष्यानं नंतर या सैनिकाला सांगितलं होतं की हा पोस्टमास्तर शेजाऱ्यांची पत्रं फोडून पोलिसांना देत असे, आणि त्यातली दोन माणसं पुन्हा कधी दिसली नाहीत. शेवटी सैनिकानं लिहिलं होतं: हे आधी कळलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं का, मला माहीत नाही.

काय करू, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी लगेच म्हणाले की खालचं कापून टाका. म्हातारी एकटी आहे, तिला सैनिक हवा होता, तो मिळाला, खलास. या वयात बापाबद्दल हे कळून तिचं काय भलं होणार? कर्नलनी पान मधोमध दुमडलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्धा कागद पाठवला.

टीचरचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि त्यानंतर दर आठवड्याला येत राहिलं. बागेतल्या पक्ष्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल, जुन्या विद्यार्थ्यांबद्दल. कर्नल त्यांना खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंबद्दल लिहीत. ते तिकडे उतरतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते नवा शर्ट घालू लागले. मी गेले की बोलायला खाकरावं लागत नसे. मला वाटलं, मी किती बरोबर सल्ला दिला.

पण ते सुखी नव्हते. एकदा मला गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, “ती मला मित्र म्हणते, बाय. आणि मी तिच्या बापाचं अर्धं पान ड्रॉवरमध्ये घेऊन बसलोय.” मी म्हटलं, जाऊ द्या ना अंकल. ते म्हणाले, “कागद तिचा आहे. मला एकटं वाटतं म्हणून मी तो ठेवायचा का?” आपण तिच्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी ते पान अडवून ठेवलं आहे, असं त्यांना वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

थोड्याच दिवसांत कंपनीनं गोदाम बंद करायचं ठरवलं. वयामुळे त्यांचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही, असंही ठरलं. त्याच आठवड्यात त्यांनी उरलेलं अर्धं पान टीचरना पाठवलं. आधी का पाठवलं नाही, तेही लिहिलं. माझं नाव लिहिलं नाही, सगळा दोष स्वतःवर घेतला.

उत्तर आलं नाही. एक आठवडा, दोन, पाच. कर्नलनी कंटेनर रिकामे केले, याद्या माझ्या हाती दिल्या, रोल्लामधली खोली सोडली. मी आणि माझा नवरा त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. अठ्ठावीस वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं होतं. जाताना त्यांनी इराचा अभ्यास विचारला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता आत गेले. टीचरचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

त्यांचा ऑफिसचा ई-मेल माझ्याकडे वळवला होता. त्यांना दुसरा पत्ताच नव्हता. ते जाऊन तीन महिने झाले आणि त्यावर टीचरचं पत्र आलं. त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, म्हणून उशीर. त्यांनी लिहिलं होतं की वडिलांनी पत्रं फोडली हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेतल्या मुलांनीच सांगितलं होतं. पान अर्धं आहे हेही पहिल्या दिवशीच कळलं होतं, कारण शेवटचं वाक्य ‘पण’वर तुटलं होतं, आणि त्यांनी चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासले होते. तुम्ही मला जपत होता, म्हणून मी विचारलं नाही, असं त्या म्हणत होत्या. मात्र सैनिकाचं शेवटचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं. त्या जागी मी असते तर काय केलं असतं, मलाही माहीत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पुढे: फ्लेमिंगो परत आले का?

मी ताबडतोब वसईला फोन लावला आणि त्यांना पत्र मराठीत सांगत गेले. ते म्हणाले, “नाही बाय, इंग्लिशमध्ये वाच. तिनं लिहिलंय तसं.” मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पलीकडचा आवाज लांब गेला. ते फोनवर रडत असावेत, पण मला ऐकू यायला नको म्हणून त्यांनी फोन लांब धरला होता.

भावाच्या मुलानं त्यांना नवा ई-मेल काढून दिला, आणि दोघांची पत्रं पुन्हा सुरू झाली. ती वर्षभर चालली. मग एका सकाळी कर्नल गेले. घरचे एका लग्नासाठी बाहेरगावी गेले होते. दुपारी परतले तेव्हा ते खुर्चीत होते. पुतण्यानं मला कळवलं, आणि टीचरना कळवायचं काम माझ्यावर आलं.

मी सांभाळून लिहिलं की त्यांना त्रास झाला नाही, सगळं शांतपणे झालं. दोन दिवसांनी टीचरचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते आणि एकच प्रश्न विचारला होता: त्या वेळी त्यांच्याजवळ कोणी होतं का?

मी ऑफिसच्या टेबलाशी उत्तर लिहायला बसले. घरातली माणसं प्रेमळ होती, सगळे त्याच दुपारी परतले, असलं बरंच काही लिहिता आलं असतं, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मी लिहिलं: नाही, कोणी नव्हतं. आणि पाठवलं.