पुढच्या वर्षीचा सोमवार

लिंबागणेशची वाट निम्मी सरली तोवर वत्सलाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. पुढं जगदेवी चालली होती, नवा फोन पदराच्या गाठीत बांधून, झपाझप.

"काळीपिवळी दारासमोर उभी होती," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "बसायचं सोडून तू कुलूप बघायला माघारी गेलीस कावून?"

"एकदा वढून कळत न्हाई ताई. दुसऱ्यांदा वढल्यावर कळतंय."

"आणि तिसऱ्यांदा वढलंस ते?"

"ते मनाच्या समाधानासाठी."

मनाचं समाधान होईस्तोवर गाडी निघून गेली होती. आता उन्हाचं चालणं आलं.

जगदेवीचं वाडीत, वत्सलाबाईंच्या घराला लागूनच, किराणा दुकान. नवरा गेल्यापासून एकटीच चालवायची. नारळ देताना आधी स्वतः कानाशी हलवायची, मग गिऱ्हाइकाला हलवायला लावायची. एसटीची पाटी वाचून झाली की कंडक्टरला विचारायची आणि खाली उतरून पुन्हा ड्रायव्हरला. लोक हसायचे. पण आई लवकर गेली, धाकटा भाऊ श्रीशैल हिच्याच कडेवर वाढला. ताप उतरलाय का ते रात्रीतून दहादा हात लावून बघायची सवय तेव्हाची, ती काही सुटली नाही.

तोच श्रीशैल आता जर्मनीत होता. त्याला मुलगी झाली आणि आज पोरीचं बारसं. आत्या एकच, ती इथं. श्रीशैलनं सांगितलं होतं, आपल्याकडच्या चार वाजता व्हिडिओवर ये, फोन बाळाच्या कानाशी धरतो, तू कुर्र कर. उशीर झाला तर पाहुणे थांबायचे नाहीत, मग इथली शेजारची बाई नाव ठेवील. वाडीत नेट म्हणजे नुसतं नावाला, म्हणून लिंबागणेशला त्रिंबकच्या दुकानात जायचं ठरलं. तिथं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळायचे आणि वायफाय होतं.

"शेजारीण म्हणं!" जगदेवी अख्ख्या वाटेनं हेच घोकत होती. "आत्या जिती असताना!"

दुकानात पोचताच त्रिंबकनं पासवर्ड टाकला. फोनवर वायफायचा पंखा उमटला, चांगला भरलेला.

"लागलं मावशी."

लागलं, पण उघडेना काहीच. श्रीशैलचा फोन लावला तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. त्रिंबकनं फोन बंद करून चालू केला. पासवर्ड काढून पुन्हा टाकला. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायर उपसून परत खोचली. मधे मधे स्क्रीनवर इंग्रजी चौकट यायची. तो न वाचताच अंगठ्यानं उडवायचा.

"काय लिहिलंय रे त्यात?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"इंग्रजी असतंय मावशी. ओके म्हणायचं, जातंय."

बाकावर बसलेला एक गडी त्याच वायफायवर खदाखदा हसत कुस्त्या बघत होता. जगदेवीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो फोन घेऊन बाहेर गेला.

"तुमचा फोनच खराब हाय," त्रिंबक म्हणाला.

"फोन जर्मनीहून आलाय. तुझा डबाच खराब!"

शेवटी त्यानं आपल्या फोनवरून श्रीशैलला लावून बघितलं. अनोळखी नंबर, श्रीशैलनं उचलला नाही. जगदेवी मटकन बाकावर बसली. फोन तिनं मांडीवर उपडा टाकला. दुकानातून देवळाचं शिखर दिसत होतं. नवस वगैरे नाही, वत्सलाबाईंनी मनातच म्हटलं, बाप्पा, एवढं लागू दे.

चार वाजले का बघावं म्हणून त्यांनी जगदेवीचा फोन हातात घेतला. घड्याळाखाली बारीक अक्षरं होती. एकेक लावत त्यांनी वाचलं, मंडे.

सकाळीच तर त्यांनी दत्ताच्या फोटोला फूल वाहिलं होतं. आज गुरुवार.

"जगदेवी, तुझ्या फोनात सोमवार कसा गं?"

"ते व्हय? मीच केलाय. आज सकाळी तारीख पुढं सारली. पोरीचा पैला वाढदिवस कोणत्या वारी येतो ते बघाया. सोमवार असला तर मला उपास, गोड कसं खाणार?"

त्रिंबकनं कपाळावर हात मारला. "मावशी! तारीख वरीसभर पुढं नेलीत?"

"जुन्या बटनाच्या फोनवर असंच तर बघत होते. मागं सारायचं तेवढं इसरलं."

"अगं बाई," वत्सलाबाईंचा तोल सुटला, "पोरगी रविवारी झाली, पुढच्या वर्षी सोमवार येणार. बोटावर कळतंय! त्यासाठी फोनचं वर्ष बदललंस?"

"आन् मधे लीप वरीस असलं तर? खात्री नको?"

"फोन आजच्याच तारखेला पाहिजे, न्हाईतर नेट त्याच्यावर इश्वास ठेवत न्हाई," त्रिंबक म्हणाला. मघाची चौकट त्यानं आता एकदा वाचली. तीही तेच सांगत होती. मान खाली घालून त्यानं तारीख लावली. लगेच टुंग टुंग करत निरोपांची रांग लागली आणि पाठोपाठ श्रीशैलचाच फोन वाजला.

"अक्का! कुठं होतीस? शेजारीण पाळण्यापाशी उभी राहिलीय."

"तिला म्हणावं बस खाली!"

पडद्यावर लाल, मिटल्या डोळ्यांचं तोंड आलं. जगदेवीनं पदर सावरला आणि फोन ओठांजवळ नेला. "कुर्रर्र… शिवानी!" तिनं म्हटलं. मग पुन्हा एकदा, आणि खात्रीसाठी तिसऱ्यांदा. पोरीनं जांभई दिली. त्रिंबक डोळे पुसत डब्याची वायर तपासू लागला.

परतीला काळीपिवळी मिळाली. फोन पदराच्या गाठीत गेला, गाठ दोनदा ओढून झाली. वत्सलाबाईंचा राग अजून पुरता उतरला नव्हता.

"ताई," जगदेवी हळूच म्हणाली, "पण सोमवारच निघाला की."

"मग?"

"पुढच्या वर्षी तेवढ्या एका सोमवारी माझा उपास तुमी धराल का?"