आडव्या फळ्यांचा पॅसेज

आमच्या भाऊजींना स्वस्थ बसणं माहीत नाही. जेवतानाही त्यांचा एक पाय हलत असतो, आणि कुणाकडे गेले की बोलता बोलता टाचेने त्या घरची जमीन ठोकून बघतात. लोकांच्या घरी लाकडाच्या नाहीतर लॅमिनेटच्या फळ्या बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फळ्यांची दिशा या विषयावर गिऱ्हाइकांशी भांडण्यात निम्मं गेलं असेल. "खिडकीतून उजेड येतो तशा फळ्या टाकायच्या. पॅसेजमध्ये तर लांबीनेच. आडव्या टाकल्या की पॅसेजची शिडी होते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एका बाईंनी आडव्याच हव्यात म्हणून हट्ट धरला, तर हे हत्यारं गोळा करून चालते झाले.

असा माणूस स्वतःच्या घरात मात्र अडकून बसला.

ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कंपवात झाला होता. हात थरथरतो याचं तिला फारसं काही वाटत नसे. पण चालता चालता तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मनात पुढे जायचं असायचं, आणि पाऊल काही केल्या उचलायचं नाही. खोलीतून न्हाणीघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये तर हमखास. मग भाऊजी तिला दंडाला धरून ओढायचे आणि ती ओरडायची, "अहो, ओढताय काय? मी काय कपाट आहे?" भाऊजी कामावर गेले की ती घरी एकटी. दिवसभराची बाई ठेवू या म्हटलं की ती भडकायची. न्हाणीघरापर्यंत आपलं आपण जाता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते जमलं नाही तर तिला लेकीकडे पाठवायचं ठरत आलं होतं, आणि त्या विचाराने दोघंही आतून पोखरली गेली होती.

फरशी गुळगुळीत आहे म्हणून पाय अडतो, असं भाऊजींनी डोक्यात घेतलं आणि फळ्यांचे खोके घरी आणले. पण पुढे घोडं हलेना. खोलीतल्या फळ्या उजेडाप्रमाणे टाकल्या की त्याच पुढे पॅसेजमध्ये आडव्या येत होत्या. दारात दिशा बदलायची तर मध्ये जोडपट्टी हवी, आणि तिच्या उंचवट्याला ताई अडखळणार. सगळीकडे पॅसेजच्या लांबीनेच टाकल्या तर खोलीतला सांधा न् सांधा उजेडात डोळ्यांत खुपणार. भाऊजी चार फळ्या मांडायचे, दारात उभं राहून बघायचे, उचलायचे, पुन्हा फिरवून मांडायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखे आत-बाहेर, आत-बाहेर. बघून बघून मलाच गरगरायला लागलं.

"टाका की आडव्या एकदाच्या!" मी शेवटी कावले. "कोण बघायला येणार आहे?"

"आडव्या?" ते उसळले. "थांब, तुला दाखवतोच." मागच्या कुठल्या कामाचे उरलेले तुकडे त्यांनी काढले आणि पावला-पावलाच्या अंतरावर पॅसेजमध्ये आडवे मांडले. अर्ध्यातच ते संपले. "बघ! दिसते की नाही शिडी?"

आमचा आरडाओरडा ऐकून ताई खोलीतून बाहेर आली. "काय चाललंय तुमचं? शेजारी येतील आता," असं म्हणत पहिला तुकडा तिने ओलांडला. मग दुसरा. मग तिसरा. तिची मान खाली, नजर तुकड्यांवर, आणि पाऊल मुकाट्याने पडत होतं. जिथे तुकडे संपले, तिथे ती खिळली.

मग भाऊजी गुडघ्यावर बसले. तिच्या पाठीमागचा एक तुकडा उचलून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो ओलांडला. त्यांनी मागचा आणखी एक काढला. असे ते गुडघ्यांवर सरपटत पुढे, आणि ती त्यांच्या मागे. न्हाणीघराचं दार आलं तेव्हा मला रडू आवरेना.

फळ्या आडव्याच बसल्या, प्रत्येक सांध्याला ताईला ओलांडायला गडद रेघ असलेल्या. त्यांच्या धंद्यातला एक दोस्त येऊन पोट धरून हसला. "अरे, हे काय केलंस?" भाऊजी चक्क त्याला चहा घेतोस का म्हणाले.

पॅसेज पुरा झाला त्या दुपारी ताई एकटी जाऊन आली. मग कोचावर टेकून म्हणाली, "मला पाणी दे गं. मोठा पेला भरून दे." घटाघटा प्यायली आणि पेला पुन्हा पुढे केला.

"एवढी तहान?" मी विचारलं.

"आता प्यायला हरकत नाही ना. हे घरी नसले की मी पीतच नव्हते. प्यायलं की जावं लागतं."

भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. कधीच घट्ट बसलेली एक फळी ते ठोकत राहिले.