माडग्यातली खार

आमच्या वडिलांना दमा होता आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकऱ्याला मटण चालत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तेव्हा मांजरी गावात आमच्या विहिरीभोवती पेरूची झाडं होती. खारी निम्मे पेरू कुरतडून टाकायच्या. चुलते चिडायचे, पण वडील कुणाला साधा खडा मारू द्यायचे नाहीत. पाठीवर रामाची बोटं आहेत, एवढं म्हणून गप्प बसायचे. त्यामुळे आमच्याकडच्या खारी माणसाला भीतच नसत.

एका हिवाळ्यात दमा फार बळावला. एक वाक्य बोलायला वडील तीनदा थांबायचे. दवाखान्याच्या औषधाचा गुण येईना. चुलते भाजी घेऊन मार्केट यार्डात जात; तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं की खारीच्या मटणानं दमा मुळापासून जातो. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातंय! आई ऐकूनही घेईना. मग एका सकाळी वडिलांचे ओठ निळे पडले, तेव्हा ती चुलत्यांना म्हणाली, "आणा."

चुलत्यांनी गलोल काढली. नेम धरायची गरजही पडली नाही, कारण खारी पळाल्याच नाहीत. गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडली. चुलते कातडं सोलत तेव्हा आई तोंड फिरवून उभी राही. पाठीवरचे पट्टे गेले की मगच हात लावी. एवढासा जीव, त्याच्या अंगावर मांस ते किती असणार! लसूण-मिरं घालून ती ते मऊ शिजवायची, पाट्यावर वाटायची आणि हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्यात कालवून वडिलांना द्यायची. माडगं झकास झालंय, असं ते म्हणायचे. आणि मेलं खरंच त्यांना जरा बरं वाटू लागलं. अंगणात येऊन बसू लागले. आई त्या दिवसांत गुणगुणत भाकरी थापायची.

मग एक दिवस वाटीच्या तळाशी काडीएवढं हाड निघालं. वडिलांनी ते बोटावर घेऊन उन्हात धरलं. मग पेरूच्या झाडांकडे बघितलं. तिथे कसलीच हालचाल नव्हती.

"खार हाय?" त्यांनी विचारलं.

आईनं होकारार्थी मान हलवली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माळ काढून आईच्या हातात ठेवली आणि उरलेलं माडगं पिऊन टाकलं.

"तू माझ्यापायी केलंस," ते म्हणाले. "पर ही आता माझ्या गळ्यात शोभायची न्हाई."

आईनं पाय धरले, बुवांकडून पुन्हा माळ घ्या म्हणून विनवलं. ते नको म्हणाले. त्यानंतर ते अंगणात आले नाहीत. पुढ्यात येईल ते निमूट खात, आणि दमा होता तसाच परत आला. शिमग्याच्या आधी गेले.

तिरडी बांधताना कुणीतरी माळ मागितली. आई ती घेऊन पुढे झाली. चुलत्यांनी तिला अडवलं. त्यानं आपल्या हातानं काढली होती, आता घालता येत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. गलोल धरणारा माणूस! माळ आईच्या मुठीत तशीच राहिली आणि वडील उघड्या गळ्यानं गेले.

विहीर बुजवून तिथे आता इमारती झाल्यात, मी त्यातल्याच एकीत राहते. खारी गॅलरीत येतात. माझ्या मनात दर वेळी तेच येतं. माळ गेली ती गेली, पण वडिलांना श्वास तरी मिळायला हवा होता.